फराळाचे पाउंड: कुणाला सांगायचे, कधी सांगायचे

ब्रिटनमधल्या आपल्या मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिवाळीच्या आधी फराळाच्या ऑर्डरी सुरू झाल्या की एक वाक्य हमखास येतं: "हजार पाउंडांच्या आत असेल तर कुणाला काही सांगावं लागत नाही." वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे. हा नियम करखात्याचा, म्हणजे एचएमआरसीचा. तुम्ही युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांना सरकारकडून दरमहा मिळणारी मदत, घेत असाल तर ते देणारं खातं वेगळं, डीडब्ल्यूपी, आणि त्यांच्याकडे ही हजारची सूट मुळातच नाही. तिथे पहिल्या पाउंडापासून हिशेब द्यावा लागतो.

अर्धवेळ नोकरी, जोडीला घरचा छोटा धंदा आणि वर बेनिफिट असं तिहेरी गणित ज्यांच्या घरात आहे, त्यांचा बहुतेक घोटाळा इथेच होतो. पैसा एकच, पण तो मोजणारी खाती दोन. एक वर्षाने मोजतं, दुसरं महिन्याने. शिवाय काउन्सिल, म्हणजे इथली पालिका, आहेच, तिच्याकडे नंतर येऊ. खालचे सगळे आकडे २०२५-२६ या करवर्षाचे आहेत. इथलं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं आणि पुढच्या ५ एप्रिलला संपतं. आपल्याकडच्या ३१ मार्चची सवय झालेल्यांनी हे पाच दिवस लक्षात ठेवावेत.

आधी व्हिसा बघा

तुमच्या व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी मदत घेता येणार नाही, अशी अट असेल, तर युनिव्हर्सल क्रेडिट मागायचंच नाही. वर्क व्हिसावर आलेल्या बहुतेकांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना ती असते. साधारणपणे कायम वास्तव्याची परवानगी किंवा ब्रिटिश नागरिकत्व मिळाल्यावर तो रस्ता उघडतो. नवरा-बायकोत एक नागरिक आणि दुसरा व्हिसावर असेल, तर नागरिक असलेल्याला एकट्याच्या नावाने अर्ज करता येतो. पण जोडीदाराची कमाई आणि बचत तरीही मोजली जाते, हे अनेकांना माहीत नसतं.

विद्यार्थी व्हिसावर असाल तर मुद्दा आणखी आधीच संपतो. त्या व्हिसावर स्वतःचा धंदा करायची परवानगीच नाही. आठवड्याला वीस तासांची मुभा ऐकून काहींना वाटतं की त्या वीस तासांत वाटेल ते करावं. खोलीत बसून पुण्याच्या कंपनीसाठी फ्रीलान्स डिझाइन करून देणं हासुद्धा धंदाच धरला जातो. इथे गमावण्यासारखी गोष्ट कर नाही, व्हिसा आहे.

माधवीचा ऑक्टोबर

समजा, लेस्टरमध्ये राहणारी माधवी नावाची एक बाई आहे. एकटी, पदरात आठ वर्षांचा मुलगा, भाड्याचं घर. शाळेच्या स्वयंपाकघरात अर्धवेळ नोकरी, महिन्याला ८०० पाउंड. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत फराळाच्या ऑर्डरी, एरवी अधूनमधून डबे.

तिचं युनिव्हर्सल क्रेडिट असं बनतं: स्वतःचे ४००.१४ पाउंड, मुलाचे २९२.८१ आणि घरभाड्यापोटी, समजा, ६५०. एकूण १,३४२.९५. यातून कमाईमुळे कपात होते, पण सगळ्या कमाईवर नाही. घरात मूल असेल आणि भाड्याची मदतही मिळत असेल, तर पहिले ४११ पाउंड सोडून दिले जातात. त्यापुढच्या प्रत्येक पाउंडामागे ५५ पेन्स कापले जातात. म्हणजे ८०० वजा ४११, राहिले ३८९. त्याचे ५५ टक्के, २१३.९५. माधवीच्या खात्यात १,१२९ पाउंड जमा. मूल नसेल आणि आजारपणामुळे कामाची क्षमताही कमी झालेली नसेल, तर ही ४११ ची सवलत मिळत नाही आणि पहिल्या पाउंडापासून ५५ पेन्स जातात.

नोकरीचे ८०० पाउंड माधवीला कळवावे लागत नाहीत. पगार दिला की मालक तो एचएमआरसीला कळवतो आणि तिथून आकडा आपोआप डीडब्ल्यूपीकडे जातो. यामुळेच अनेकांचा समज होतो की बाकीचंही आपोआप होत असेल. धंद्याचं तसं नाही. तो आकडा दर महिन्याला स्वतः भरायचा, आणि आपला महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना नव्हे. अर्ज केल्याच्या तारखेवरून प्रत्येकाचा 'असेसमेंट पीरियड' ठरतो. माधवीचा १२ तारखेपासून पुढच्या ११ तारखेपर्यंत आहे. तो संपण्याच्या सात दिवस आधीपासून संपल्यानंतर चौदा दिवसांपर्यंत ऑनलाइन खात्यात मिळकत आणि खर्च भरायचा. नाही भरला तर पैसे अडकतात.

हिशेब रोखीचा. ऑर्डर कधी घेतली, चकल्या कधी तळल्या याच्याशी संबंध नाही. पैसे हातात किंवा खात्यात कधी आले आणि खिशातून कधी गेले, तेवढंच बघायचं.

आता २०२५ ची दिवाळी घ्या. लक्ष्मीपूजन २०-२१ ऑक्टोबरच्या सुमारास. माधवीने सप्टेंबरअखेरीसच भाजणी, बेसन, तूप, चारोळी, प्लास्टिकचे डबे आणि चिकटवायची लेबलं आणून ठेवली: १८० पाउंड. त्या काळात हाती आले ते एका ऑर्डरीच्या आगाऊ रकमेचे फक्त ४०. म्हणजे १२ सप्टेंबर ते ११ ऑक्टोबर या महिन्यात १४० पाउंडांचा तोटा. पुढच्या महिन्यात, १२ ऑक्टोबर ते ११ नोव्हेंबरमध्ये, ६४० पाउंड आले आणि १२० खर्च झाले. नफा ५२०.

पहिल्या महिन्यात "अजून काही कमावलंच नाही, कळवायचं काय?" म्हणून खर्चाच्या रकान्यात शून्य टाकणाऱ्या खूप आहेत. त्यात नुकसान आपलंच. तो १४० चा तोटा नोकरीच्या पगारातून वजा होत नाही, पण धंद्याच्या पुढच्या नफ्यातून होतो. तोटा कळवला असेल तर ऑक्टोबरचा नफा ५२० ऐवजी ३८० धरला जाईल आणि युनिव्हर्सल क्रेडिट २०९ पाउंडांनी कमी होईल. कळवला नसेल तर कपात २८६ ची. म्हणजे एका न भरलेल्या रकान्यापायी ७७ पाउंड गेले.

दोन महिन्यांची मेहनत, ३८० पाउंड नफा, त्यातले २०९ कापले गेले, हातात उरले १७१. हे बघून "मग कशाला तळायचं?" असं कुणी म्हटलं तर त्याला नावं ठेवता येत नाहीत. ५५ टक्के म्हणजे भरपूर झाले. २०२१ च्या नोव्हेंबरपर्यंत ते ६३ होते, एवढंच समाधान. पण ही कपात उताराची आहे, कड्याची नाही: जास्त कमावलं म्हणून एकूण हातात कमी पडलं, असं होत नाही. कडा बघायचा असेल तर केअरर्स अलाउन्स बघा. आजारी माणसाची आठवड्याला किमान ३५ तास काळजी घेणाऱ्याला आठवड्याला ८३.३० पाउंड मिळतात, पण खर्च वजा जाता कमाई १९६ पाउंडांच्या वर एक पाउंड जरी गेली, तरी त्या आठवड्याचा अख्खा भत्ता जातो. घरात सासूबाईंची सेवा करत डबे देणाऱ्यांनी हा आकडा फ्रिजवर चिकटवून ठेवावा.

खर्चात काय धरायचं

जे धंद्यासाठी आणलं तेच. दहा किलो बेसन आणलं आणि त्यातल्या दोन किलोंची भजी घरी खाल्ली, तर आठ किलोंचाच खर्च. फराळ पोचवायला स्वतःची गाडी वापरली तर पेट्रोलच्या पावत्या जोडत बसायचं नाही, मैलामागे ४५ पेन्स असा ठोक दर लावायचा. युनिव्हर्सल क्रेडिटसाठी तो महिन्याला पहिल्या ८३३ मैलांपर्यंत चालतो. घरच्या गॅस-विजेचाही ठोक दर आहे: महिन्यात २५ ते ५० तास काम केलं तर १० पाउंड, ५१ ते १०० तासांना १८. आपल्या श्रमाचे पैसे मात्र खर्चात धरता येत नाहीत. रात्री एकपर्यंत करंज्या मुरडल्या, तरी त्या हातांची किंमत दोन्ही खात्यांच्या लेखी शून्य.

पैसे कुठे आले याने फरक पडत नाही. मैत्रिणीने रोख दिले, बँकेत टाकले, किंवा "माझं भारतात खातं आहे, तुझ्या भावाला यूपीआय करते" म्हणाली, तरी ती माधवीचीच कमाई. आणि भारतातल्या खात्याचं इथे कुणाला कळणार नाही, हा भरवसा जुना झाला. भारत आणि ब्रिटन दोघेही बँक खात्यांची माहिती एकमेकांना देणाऱ्या देशांच्या व्यवस्थेत आहेत.

धंदा मुख्य की नोकरी मुख्य?

माधवीने धंदा सुरू केल्याचं कळवलं की तिचा वर्क कोच, म्हणजे तिचं प्रकरण बघणारा डीडब्ल्यूपीचा माणूस, तिला बोलावून चौकशी करेल. किती तास, किती कमाई, जाहिरात करता का, वह्या ठेवता का. या प्रश्नांमागे एक निर्णय दडलेला असतो: हा धंदा तिचा मुख्य व्यवसाय आहे की जोडधंदा? उत्तरं देताना अनेकजणी थोडं फुगवून सांगतात. आपला धंदा मोठा वाटावा असं कुणाला वाटत नाही? इथे मात्र ते अंगाशी येऊ शकतं.

धंदा मुख्य ठरला तर पहिले बारा महिने सवलतीचे. त्यानंतर 'मिनिमम इन्कम फ्लोअर' लागू होतो. म्हणजे तुम्ही प्रत्यक्षात कितीही कमी कमावलं, तरी खातं असं धरून चालतं की तुम्ही किमान वेतनाइतकं कमावलंच. माधवीच्या मुलाच्या वयाचा विचार करता तिच्याकडून आठवड्याला ३० तासांपर्यंत कामाची अपेक्षा ठेवता येते. किमान वेतन ताशी १२.२१ पाउंड. महिन्याला साधारण १,५८७ पाउंड झाले. त्यातून कर आणि नॅशनल इन्शुरन्स (सरकारी विम्याचा हप्ता) यांची अंदाजे वजावट होते, पण तरीही तो आकडा तिच्या खऱ्या कमाईच्या कितीतरी वर आहे, आणि ५५ टक्के कपात त्या काल्पनिक आकड्यावर. ज्या महिन्यात एकही डबा गेला नाही, त्या महिन्यातही.

नोकरी मुख्य आणि धंदा पूरक ठरला, तर हे काही होत नाही. प्रत्यक्ष आलेलाच नफा मोजला जातो. माधवीचं चित्र तसंच आहे: वर्षभर पगार, फराळ हंगामी. तिने तेच, जसं आहे तसं, सांगावं. मात्र उद्या शाळेची नोकरी सुटली किंवा डब्यांचाच व्याप वाढला, तर हा निर्णय पुन्हा होऊ शकतो. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत कठोर नियम हाच आहे, आणि ज्यांच्या धंद्याला हंगाम असतो त्यांना तो सर्वांत जास्त बोचतो.

आता करखातं

इथे वातावरण बरंच सौम्य आहे. एचएमआरसीला महिन्याशी देणंघेणं नाही, वर्ष पुरे. एका करवर्षात धंद्यातून आलेली एकूण रक्कम १,००० पाउंडांपर्यंत असेल, तर साधारणपणे नोंदणी नको, विवरणपत्र नको. एकूण रक्कम म्हणजे खर्च वजा करण्याआधीची. "माझा नफा तर सहाशेच आहे" हे इथे चालत नाही. १,५०० ची विक्री आणि ९०० चा खर्च असेल, तर विक्री हजाराच्या वर गेली, नोंदणी करायची.

माधवीची वर्षभराची विक्री, समजा, २,४०० पाउंड आणि खर्च १,१००. तिने २०२५ च्या सप्टेंबरात धंदा सुरू केला असेल, तर सेल्फ असेसमेंटसाठी (स्वतः विवरणपत्र भरण्यासाठी) नोंदणीची मुदत ५ ऑक्टोबर २०२६, आणि ऑनलाइन विवरणपत्र व कर भरण्याची ३१ जानेवारी २०२७. विवरणपत्रात तिला निवड आहे: खरा खर्च वजा करायचा, नाहीतर खर्चाऐवजी सरसकट १,००० वजा करायचे. दोन्ही एकदम नाही. तिचा खरा खर्च हजाराहून जास्त, म्हणून खरा खर्च फायद्याचा. नफा १,३०० पाउंड.

नोकरीचे ९,६०० आणि हे १,३०० मिळून १०,९००. करमुक्त मर्यादा १२,५७०. कर शून्य. नॅशनल इन्शुरन्सचाही प्रश्न नाही, कारण धंद्याच्या नफ्यावर सहा टक्क्यांचा तो हप्ता १२,५७० च्या वरच लागतो. तरीही विवरणपत्र भरायचंच. ते उशिरा गेलं तर कर शून्य असला तरी दंड १०० पाउंड, आणि तीन महिन्यांनंतर रोजचे दहा.

हीच माधवी महिना १,२०० पाउंड पगारावर असती तर? वर्षाचे १४,४००, करमुक्त मर्यादा पगारातच संपली. फराळाच्या १,३०० वर पहिल्या पाउंडापासून २० टक्के, म्हणजे २६० पाउंड कर. (स्कॉटलंडमध्ये दर वेगळे आहेत.) ऑनलाइन विवरणपत्र ३० डिसेंबरच्या आत भरलं, तर इतकी छोटी रक्कम पुढच्या वर्षीच्या पगारातून थोडी थोडी कापून घ्या असं सांगता येतं. जानेवारीत एकदम भरली, तर ज्या महिन्यात भरली त्या महिन्याच्या युनिव्हर्सल क्रेडिटच्या हिशेबात कराच्या रकान्यात ती दाखवायला विसरू नका.

ग्रुपवर फिरणारं दुसरं वाक्य, "आता तीन हजारांपर्यंत टॅक्स नाही." २०२५ च्या मार्चमध्ये सरकारने जाहीर केलं ते एवढंच की विवरणपत्र भरण्यासाठीची विक्रीची मर्यादा पुढेमागे १,००० वरून ३,००० करू. विवरणपत्र नको आणि कर नको या दोन वेगळ्या गोष्टी. ज्यांचा कर निघतो त्यांना तो तेव्हाही भरावाच लागणार आहे.

घरातले जुने कपडे, मुलाची लहान झालेली सायकल ऑनलाइन विकली तर तो धंदा नव्हे. पण इट्सी, ईबे, विंटेडसारखे प्लॅटफॉर्म जानेवारी २०२४ पासून विक्रेत्यांची माहिती गोळा करतात. वर्षात ३० किंवा जास्त विक्र्या, किंवा साधारण १,७०० पाउंडांच्या वर रक्कम झाली की ती एचएमआरसीकडे जाते. त्यावरून करखात्याचं पत्र आलं म्हणून घाबरायचं कारण नाही. हा नवा कर नाही, त्यांना नुसतं कळलंय.

काउन्सिल आणि पुण्यातला फ्लॅट

घरून अन्नपदार्थ विकायचे तर सुरू करण्याच्या किमान २८ दिवस आधी काउन्सिलकडे नोंदणी करायची. फुकट आहे आणि नाकारली जात नाही. काउन्सिल टॅक्समध्ये सवलत घेत असाल, तर वाढलेली कमाई त्या विभागालाही कळवावी लागते. डीडब्ल्यूपीला सांगितलं म्हणजे काउन्सिलला पोचलं, असं धरून चालू नका.

आणि आता ती गोष्ट, जी आपल्या लोकांकडून हमखास राहते. युनिव्हर्सल क्रेडिटसाठी बचत १६,००० पाउंडांच्या वर असेल तर पात्रताच जाते. ६,००० च्या वर दर २५० पाउंडांमागे महिन्याला ४.३५ पाउंड कपात. ही बचत जगात कुठेही असो. भारतातल्या एफडी, पोस्टातले पैसे, आणि स्वतः राहत नाही असा फ्लॅटसुद्धा. पुण्यातल्या साध्या वन बीएचकेची किंमतही पाउंडांत १६,००० च्या कितीतरी वर जाते. भावंडांत वाटा असेल तर तुमच्या वाट्याची किंमत. एक दिलासा आहे: त्या घरात पेन्शनच्या वयाचे किंवा कामाची क्षमता नसलेले आई-वडील, सासू-सासरे यांच्यासारखे जवळचे नातलग राहत असतील, तर ते घर मोजलं जात नाही. पण मोजायचं की नाही हे ठरवणं डीडब्ल्यूपीचं काम. आपण अर्जात लिहायचं. फ्लॅटचं भाडं येत असेल तर ते एचएमआरसीला वेगळं दाखवायचं. भारतात त्यावर कर भरला असेल तर दोन देशांतल्या करारामुळे त्याची वजावट मिळते.

मागचे महिने कळवलेच नसतील तर

आजच युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्याच्या जर्नलमध्ये (तिथल्या नोंदवहीत) लिहा. कारणं, माफी, घरची परिस्थिती यांची गरज नाही. "मी अमुक तारखेपासून घरून फराळ विकते, मिळकत आणि खर्च महिनावार जोडत आहे" इतकं पुरे. जर्नलमध्ये तारखेसह नोंद राहते आणि ती पुढे तुमच्याच बाजूने उभी राहते. फोनवर सांगितलं असेल तरी तेच पुन्हा जर्नलमध्ये लिहा. एचएमआरसीला मागच्या वर्षांचं राहिलं असेल तर त्यांनी शोधण्याआधी आपण सांगितलं की दंड बराच कमी होतो. फॉर्म अवघड वाटला तर सिटिझन्स अॅडव्हाइस आणि कमी उत्पन्नवाल्यांसाठी असलेली टॅक्सएड ही संस्था फुकट मदत करतात. त्यासाठी कुणा एजंटला दोनशे पाउंड द्यायची गरज नाही.

युनिव्हर्सल क्रेडिटचे जास्त दिले गेलेले पैसे परत करावेच लागतात, चूक डीडब्ल्यूपीची असली तरी. निष्काळजीपणे चुकीची माहिती दिली असं ठरलं तर वर ५० पाउंडांचा दंड. जाणूनबुजून लपवलं असं ठरलं तर मामला फसवणुकीचा होतो आणि कोर्टापर्यंत जाऊ शकतो. साध्या चुकीची परतफेड मात्र एकदम मागत नाहीत. एप्रिल २०२५ पासून अशा कपाती साधारणपणे मूळ भत्त्याच्या १५ टक्क्यांपर्यंतच करता येतात. माधवीच्या ४००.१४ वर ते महिन्याला ६० पाउंड होतात. तेवढेही झेपत नसतील तर हप्ता कमी करून मागता येतो.